रेड कंट्रोलर

रेड कंट्रोलर : सर्व्हरमधल्या अनेक हार्डडिस्क एकत्र बांधून त्या एकच मोठी डिस्क असल्यासारख्या दाखवणारे, आणि त्यांतली एखादी बंद पडली तरी काम चालू ठेवणारे कार्ड. त्यावर स्वतःचा प्रोसेसर व मेमरी असते, त्यामुळे हिशेबाचा भार सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसरवर पडत नाही.

१९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ही कल्पना ‘रेड’ (RAID) या नावाने मांडली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पीसीतल्या लहान, स्वस्त डिस्कचा ताफा वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. ताफा वाढला की बिघाडही वाढणार, म्हणून जादा माहिती साठवून तो सोसण्याची सोय त्यांनी मांडली. नावातल्या ‘आय’ या अक्षराचा अर्थ तेव्हा ‘स्वस्त’ असा होता. पुढे उद्योगाने तो ‘स्वतंत्र’ असा केला. सारी मदार या दुसऱ्या शब्दावर आहे.

हरवलेली माहिती परत येते ती साध्या सम-विषमाच्या हिशेबाने. तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ लिहिले आहेत असे धरू. यात एक हा अंक दोनदा, म्हणजे सम वेळा आला, म्हणून चौथ्या डिस्कवर ० लिहायचा. याला पॅरिटी म्हणतात. आता दुसरी डिस्क गेली. उरलेल्या दोन्ही एकांची बेरीज सम आणि पॅरिटी ०, तेव्हा हरवलेला अंक शून्यच असला पाहिजे. रेड-५ या प्रकारात ही पॅरिटी सगळ्या डिस्कवर आळीपाळीने पसरलेली असते. ४ टेराबाइटच्या चार डिस्क लावल्या तर वापरायला १२ टेराबाइट मिळतात. रेड-६ दोन डिस्कचा बिघाड सोसते, पण तेवढ्याच डिस्कमध्ये जागा ८ टेराबाइट उरते. रेड-१ म्हणजे सरळ जुळी प्रत.

बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तिथे कार्डावरची लहानशी बॅटरी फार मोलाची. माहिती डिस्कवर उतरली, पण पॅरिटी लिहायची राहिली आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. बॅटरी मेमरीतले अर्धवट लिखाण जपून ठेवते आणि वीज आल्यावर ते पुरे होते. नव्या कार्डांत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश मेमरी असते. बॅटरी मेली की बहुतेक कार्डे मेमरीत लिखाण साठवणे थांबवतात. सर्व्हर अचानक संथ झाला, तर आधी बॅटरी तपासावी.

मात्र डिस्क खरोखर ‘स्वतंत्र’ असतील तरच हे सारे टिकते. याचा धडा बीड जिल्ह्यानेच वेगळ्या क्षेत्रात घेतला आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात २०१३ च्या दुष्काळात २१० मेगावॅटचे तीन व २५० मेगावॅटचे दोन संच होते. एक बंद पडला तर बाकीचे चालावेत अशीच रचना. पण पाचही संचांचे पाणी एकाच खडका बंधाऱ्याचे. पाणी आटले आणि १,१३० मेगावॅटचे अख्खे केंद्र थांबले. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी बसवलेल्या आणि एकाच तापल्या खोलीत चालणाऱ्या डिस्कची गत तशीच होऊ शकते.

डिस्क बदलल्यावरचे तास सर्वांत नाजूक. ४ टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने भरायलाही सात तासांहून जास्त लागतात, आणि काम चालू असेल तर त्याहून कितीतरी अधिक. तोवर जुन्या डिस्कचा कोपरान् कोपरा वाचावा लागतो. घरगुती डिस्कच्या तांत्रिक पत्रकात साधारण १२.५ टेराबाइट वाचनामागे एखादी न वाचता येणारी जागा गृहीत धरलेली असते. एक डिस्क आधीच गेलेली असल्याने रेड-५ ला ती जागा परत मिळवता येत नाही, म्हणून मोठ्या डिस्कसाठी रेड-५ वापरूच नये.

मोठ्या संस्थांनाही हा ‘स्वतंत्र’ शब्द अवघड गेला आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. दूरसंचार जोडण्या दोन कंपन्यांच्या होत्या. तरीही त्या डळमळल्या, त्यातून साठवण-यंत्रणा अनपेक्षितपणे वागली आणि जोखीम-नियंत्रणाची प्रणालीच मिळेनाशी झाली.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल जुळ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर बीडला असेल, तर रोजची प्रत अंबाजोगाईला किंवा आणखी दूर ठेवावी.

कार्ड स्वतः जळाले तर डिस्क धडधाकट असूनही अडून बसतात. पुष्कळ कार्डे डिस्कची मांडणी डिस्कवरही नोंदवून ठेवतात, म्हणून त्याच घराण्यातले नवे कार्ड ती ओळखू शकते. सर्व्हर चालू केल्यावर ते या मांडणीला ‘फॉरेन’ म्हणते आणि ती ‘इम्पोर्ट’ करायची की ‘क्लिअर’, असे विचारते. ‘क्लिअर’ म्हटले की नोंद पुसली जाते. म्हणून त्या पडद्यापुढे बसण्याआधी कोणती डिस्क कोणत्या खाचेत होती, हे कागदावर लिहून ठेवलेले असावे.