सॅक्सोफोनची पत्ती : वाजवण्याआधी काय काळजी घ्यावी?

सातारा/सांगली : वरात दारात आली, आणि नेमका त्याच वेळी सॅक्सोफोन चिरकायला लागला, तर सगळ्या बँडची शोभा होते. पुढची सुपारीही हातची जाते. अशा वेळी दोष बहुतेकदा वाद्याचा नसतो, तोंडाशी असलेल्या बोटभर पत्तीचा असतो.

पत्ती म्हणजे काय?
ॲडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलेलं हे वाद्य पितळेचं असलं, तरी आवाज निघतो तो पत्तीच्या थरथरीतून. ही पत्ती बोरूसारख्या पोकळ नळाची असते. दक्षिण फ्रान्समधला नळ त्यासाठी प्रसिद्ध आहे. क्लॅरिनेटची पत्तीही अशीच एकेरी, तर सनईची दुहेरी असते. पण ओलावून घेणं तिन्हींना लागतं.

कितव्या नंबरची घ्यावी?
नंबर साधारण १ ते ५ असतात. नंबर वाढेल तशी पत्ती कडक होते आणि दम जास्त लागतो. नवशिक्यानं दोन किंवा अडीच नंबरपासून सुरुवात करावी.

वाजवण्याआधी
१. पत्ती दोन-तीन मिनिटं स्वच्छ, साध्या पाण्यात ठेवावी. उकळतं पाणी वापरू नये.
२. टोक लाटेसारखं वाकडं दिसत असेल, तर सपाट होईपर्यंत आणखी भिजवावं. कोरडी पत्ती सारखी थरथरत नाही, म्हणून चिरकते.
३. आधी लिगेचर माउथपीसवर सैल चढवावं, मग पत्ती त्याखाली सरकवावी. म्हणजे नाजूक टोक तुटत नाही.
४. पत्तीचं आणि माउथपीसचं टोक बरोबरीत आणावं.
५. स्क्रू पत्ती हलणार नाही इतपतच आवळावेत. जास्त आवळलं की आवाज दबतो.

नवी पत्ती
नवी पत्ती थेट वरातीत काढू नये. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं हळू वाजवावी, मग चार-पाच दिवसांत वेळ वाढवत न्यावा. तीन-चार पत्त्या आलटून पालटून वापरल्या, तर सगळ्याच जास्त टिकतात.

आपल्याकडचं हवामान
माण, खटाव, आटपाडी, जत भागात उन्हाळ्यात दोन गाण्यांच्या मधेही पत्ती सुकते. थांबल्यावर ती जिभेनं ओली ठेवावी. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत उलट त्रास होतो. ओली पत्ती डबीत बंद राहिली, तर बुरशी धरते.

वाजवून झाल्यावर
पत्ती माउथपीसवर तशीच सोडू नये. काढून, धुऊन, पुसून, सपाट डबीत हवा लागेल अशी ठेवावी. टोकाला चीर किंवा काळे डाग दिसले, तर टाकून द्यावी. एकाची पत्ती दुसऱ्यानं तोंडात धरू नये, कारण लाळेतून आजार पसरतात. वरातीला जाताना भिजवून पारखलेली एक जादा पत्ती डबीत असावीच.