चाके, शर्यतीची : रिम ब्रेकच्या जुन्या रोड सायकलसाठी (जुन्नर व आंबेगाव परिसर)

रिम ब्रेकच्या सायकलमध्ये चाकाची रिम हा ब्रेकचाच अर्धा भाग असतो. कॅलिपरचे दोन रबर रिमच्या दोन्ही कडा चिमटतात आणि घर्षणाने वेग उतरतो. त्यामुळे अशा सायकलला शर्यतीची नवी चाके बसवली की तिचा ब्रेकही बदलतो. डिस्क ब्रेकच्या सायकलला ही अडचण नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला 1 जुलै 2018 पासून रीतसर मुभा दिली आणि त्यानंतर कारखान्यांचा ओढा तिकडे वळला. तरी 2019 ची टूर द फ्रान्स एगान बर्नालने रिम ब्रेकच्या सायकलवर जिंकली. रिम ब्रेक कालबाह्य झाला तो बाजारात. रस्त्यावर तो आजही पुरतो.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत चाकाला दोन वेगळे मुलूख भेटतात. पूर्वेकडे मंचर, नारायणगाव, आळेफाटा हा पुणे–नाशिक महामार्गावरचा बागायती पट्टा आहे. पश्चिमेकडे ओतूर–मढ–माळशेज, जुन्नर–घाटघर–नाणेघाट आणि मंचर–घोडेगाव–डिंभे–तळेघर–भीमाशंकर हे रस्ते सह्याद्रीच्या माथ्याला भिडतात. जुन्नर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर, तर भीमाशंकर सुमारे 1000 मीटरवर आहे. पूर्वेला ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली माती, पाचट आणि बाभळीचे काटे असतात. पश्चिमेला पावसाळ्यात धुके, वारा आणि रस्त्यावरून वाहणारे गढूळ पाणी. चाकाची निवड या दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून करावी लागते.

पहिले काम मोजमापाचे. पुढच्या चाकासाठी फोर्कच्या टोकांमधील अंतर 100 मिलिमीटर असते आणि ते सहसा बदलत नाही. मागचे मात्र काळानुसार बदलत गेले: पाच-सहा गिअरच्या जुन्या सायकलींत 120, सहा-सात गिअरच्या ऐंशीच्या दशकातील सायकलींत 126, आणि त्यानंतरच्या आठ ते अकरा गिअरच्या सायकलींत 130 मिलिमीटर. मोजण्यासाठी चाक काढून, एक्सल बसतो त्या दोन खाचांच्या आतल्या बाजूंमध्ये पोलादी पट्टी धरली की पुरे. 126 ची फ्रेम पोलादी असेल तर जाणता मेस्त्री तिचे दोन्ही पाय दोन-दोन मिलिमीटर फाकवून 130 चे चाक बसवून देतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये. ती वाकत नाही, तडकते. डिस्क ब्रेकसाठी बनलेली 142 मिलिमीटरची, आरपार एक्सलची चाके तर बसतच नाहीत, मग ती कितीही स्वस्तात मिळोत.

चाकाच्या व्यासातही घोळ होतो. आजच्या रोड सायकलचे चाक 700 सी मापाचे, म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथे 622 मिलिमीटर व्यासाचे असते. ऐंशीच्या दशकापर्यंतच्या अनेक रोड सायकलींना 27 इंची चाके होती. त्यांचा हाच व्यास 630 मिलिमीटर आहे. अशा सायकलला 700 सी चाक घातले तर रिम 4 मिलिमीटर खाली जाते आणि ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकवावे लागतात. जुन्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा बहुधा असते. नसेल तर 47 ते 57 मिलिमीटर पल्ल्याचे कॅलिपर लागतात, कारण शर्यतीच्या नेहमीच्या कॅलिपरचा पल्ला 39 ते 49 एवढाच असतो. दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या दांडीच्या काळ्या सायकलीचे 28 इंची चाक याहून वेगळे, 635 मिलिमीटरचे; तिचे सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला दाबतात. तिचा टायर रोड सायकलला चालत नाही, रिमही नाही. ‘अठ्ठावीस’ हा आकडा दोन्हीकडे ऐकू येत असल्याने गल्लत होते: तिकडे तो इंच आहे, इकडे टायरच्या रुंदीचे मिलिमीटर.

गिअरचा संच ज्यावर सरकवतात त्या फ्रीहबचे मापही पाहावे लागते. शिमानोचा आठ, नऊ आणि दहा गिअरचा फ्रीहब एका लांबीचा, अकरा गिअरचा 1.85 मिलिमीटरने लांब. म्हणून अकराच्या नव्या चाकावर जुना आठ किंवा नऊचा संच 1.85 मिलिमीटरची कडी घालून बसतो. शिमानोच्या दहाच्या संचाला आणखी एक मिलिमीटरची कडी लागते. उलट्या दिशेने ही सोय नाही. काम्पान्योलोच्या फ्रीहबवरच्या खाचा वेगळ्या असतात, तिथे कडी घालून भागत नाही. आटे फिरवून बसवायचे फ्रीव्हील असलेल्या अगदी जुन्या चाकाचा संच नव्या चाकावर येत नाही, तो नवाच घ्यावा लागतो.

खरा प्रश्न रिमच्या कडेचा आहे. 80 किलो वजनाचा स्वार-सायकल जोड 100 मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे 78 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी जवळजवळ 19 अंशांनी तापवायला ती पुरते. मोकळ्या उतारावर तिचा मोठा वाटा हवेचा विरोध खातो. पण वळणे, समोरून येणारी एसटी, रस्त्यात बसलेली गुरे यांमुळे सतत ब्रेक दाबून उतरावे लागले की उरलेली सगळी उष्णता दोन रिमांत जाते. ॲल्युमिनियम ती लवकर पसरवून हवेला देऊन टाकते. कार्बन उष्णतेचा मंद वाहक आहे. ब्रेकच्या पट्ट्यापाशीच ती साचते, कार्बनचे धागे बांधून ठेवणारी राळ मऊ पडते आणि टायरच्या दाबाने रिमची कड बाहेर फुगते. शिवाय ओल्या कार्बन रिमवर ब्रेक उशिरा धरतो. माळशेज किंवा भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात जाणाऱ्याने कार्बनची ब्रेक-कड असलेली चाके घेऊ नयेत, हे मत कोणी जुनाट म्हटले तरी सोडण्यासारखे नाही. कोरड्या दिवसांत ती वापरायचीच असतील तर रबरही कार्बनसाठीचे स्वतंत्र ठेवावेत. ॲल्युमिनियमवर वापरलेल्या रबरात धातूचे कण रुतलेले असतात आणि ते कार्बनची कड ओरबाडतात.

रुंदीचा हिशेब दोन्ही बाजूंनी घालावा लागतो. जुनी रिम बाहेरून 19–20 मिलिमीटर, नवी 25 ते 28. नवी चाके घातली की ब्रेकचे रबर बाहेर घ्यावे लागतात आणि जुने चाक परत लावताना केबल पुन्हा ताणावी लागते. रुंद रिमवर टायरही पसरतो: 25 चा छाप असलेला टायर आतून 21 मिलिमीटरच्या रिमवर 27 च्या आसपास भरतो. जुन्या कॅलिपरखाली 25, फार तर 28 ची जागा असते, तेव्हा छापावर न जाता फुगवलेला टायर मोजावा. टायर आणि कॅलिपर यांच्या बेचक्यात चिखल अडकतो, म्हणून वर किमान 3–4 मिलिमीटर मोकळे सोडावेत. बसत असेल तर 28 चाच टायर घ्यावा. 23 चा टायर 100 पीएसआयच्या पुढे फुगवण्याची सवय जुन्या शर्यतपटूंना असते. 70 किलोच्या स्वाराला 28 च्या टायरमध्ये साधारण 70 ते 80 पीएसआय पुरतो आणि डांबराच्या ठिगळांवर चाक उडत नाही. कडेच्या आत टायर धरणारा हूक नसलेल्या रिमला कमाल 5 बार, म्हणजे 72 पीएसआयच्या आसपासच दाब चालतो. अरुंद टायरच्या जुन्या सायकलसाठी ती गैरसोयीची.

तारा किती असाव्यात याचे उत्तरही ब्रेकमध्येच दडले आहे. शर्यतीच्या हलक्या चाकात 20–24 तारा असतात. त्यांतली एक तुटली की रिम इतकी आउट होते की ती ब्रेकच्या रबराला घासून चाक जागीच अडते. डिस्कच्या सायकलवर तसेच चाक डुलत का होईना, घरी येते. 32 तारांच्या चाकातली एक तुटली तर ब्रेकची कळ उघडून, रबर सैल करून बेताने परतता येते. चपट्या किंवा सरळ टोकाच्या खास तारा तालुक्याच्या दुकानात मिळण्याची आशा धरू नये. वाकड्या टोकाची 2 मिलिमीटरची साधी तार योग्य लांबीची मिळाली की आउट काढणे एखाद्या तासाचे काम असते. लांब अंतरासाठी म्हणूनच माविक ओपन प्रोसारख्या साध्या ॲल्युमिनियम रिमवर हाताने विणलेली 32 तारांची चाके आजही टिकून आहेत.

वजनाला मात्र गरजेपेक्षा जास्त भाव दिला जातो. चाकांत 400 ग्रॅम वाचले तर 80 किलोच्या जोडात ते अर्धा टक्का होतात. अर्ध्या तासाच्या एकसारख्या चढावर त्यातून जेमतेम नऊ सेकंद मिळतात. कडेचे वजन दुप्पट मोजावे हा नियम फक्त वेग वाढवताना लागू पडतो, संथ चढावर नाही. या तालुक्यांत शर्यत म्हटले की आधी बैलगाडा आठवतो आणि ‘घाट’ म्हणजे त्याची धावपट्टी. तिथली बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते, उभ्या गाड्याला वेग देणे हेच तिथले सारे काम असते. हलक्या चाकाचे महत्त्व तिथे कळते. सायकलचा घाट वेगळा. सपाटीवर उंच कडेची रिम हवा कापते, पण नाणेघाटात पावसाळ्यात वारा धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो. तसल्या वाऱ्यात 50 मिलिमीटर उंच कडेचे पुढचे चाक हँडल हिसकावते. 30 मिलिमीटरपर्यंतची रिम दोन्हीकडे चालून जाते.

वापरलेली चाके घेताना कड आधी तपासावी. मातकट पाणी आणि रबर यांचा लगदा कानसेसारखा काम करतो आणि एकाच पावसाळ्यात कड दिसण्याइतकी झिजू शकते. कडेवर पट्टी उभी धरली आणि मधे उजेडाची फट दिसली, तर रिम पोटात खोल गेली आहे असे समजावे. अनेक रिमांवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो पुसला गेला असेल तर चाक घेऊ नये, कारण पातळ झालेली कड टायरच्या दाबाने उतारावरच फाटते. हबचे छर्रे आणि कोन ठीक असतील तर चाक टाकून द्यायचे कारण नाही. छिद्रांची संख्या तीच आणि तारांच्या टोकांपाशी मोजलेला व्यासही तोच अशी नवी रिम मिळाली, की ती जुन्या रिमला चिकटपट्टीने शेजारी बांधतात आणि एकेक तार इकडून तिकडे नेतात.