दुधाचे दात

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणी रचणारी आपली माणसे मोठी निरीक्षक खरी, पण या म्हणीने कुत्र्यावर थोडा अन्याय केला आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. शेपटाचे मी काही सांगत नाही. परंतु शेपटाच्या दुसऱ्या टोकाला जे दात असतात त्यांना वळण लागते, आणि माणूस ते हजारो वर्षे लावीत आला आहे. त्या वळणाचा इतिहास कोणत्याही बखरीत लिहिलेला नाही. मात्र आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठाकाठाने हिंडले तर तो पुष्कळसा हाती लागतो.

दिवाळीत हा विषय काढण्याला कारण आहे. पाऊस सरून थंडी पडू लागली की गल्लोगल्ली कुत्र्या वितात. मुलांना सुट्टी असते. किल्ल्यासाठी माती आणायला गेलेली मुले मातीबरोबर एखादे पिल्लूही सदऱ्यात घालून घरी आणतात. चार दिवस त्याचे कौतुक होते. पाचव्या दिवशी आजोबांच्या चपलेचा अंगठा नाहीसा होतो, आईच्या पदराला भोक पडते, धाकटीच्या पोटरीवर ओरखडा उठतो, आणि ‘हे ध्यान आधी बाहेर नेऊन सोडा’ असा हुकूम सुटतो. अशा हद्दपाऱ्या आमच्या आळीत मी कित्येक दिवाळ्यांत पाहिल्या आहेत. त्या मुक्या आरोपीची बाजू मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाचे उजाड गाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडाचे महत्त्व बोपर्डीकर या संशोधकांनी 1958 साली ओळखले आणि मग तेथे उत्खनने झाली. 1974 साली त्याच जागी झाडाची मुळे खणताना एका गावकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि चौथा दोन बैल जुंपलेला रथ. चारींचे मिळून वजन 60 किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे. पुष्कळांच्या मते त्या सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या असाव्यात.

यांतला रथ 45 सेंटिमीटर लांबीचा आहे. त्यात 16 सेंटिमीटर उंचीचा एक पुरुष उभा आहे, आणि त्याच्या पुढ्यात, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. वाचकहो, या कुत्र्याकडे जरा निरखून पाहा. मागे धनी, पुढे बैलांची चाल, आणि मध्ये हा निवांत. ज्याच्या तोंडाचा भरवसा नाही अशा जनावराला बैलांच्या पायांमागे कोण उभे करील? कारागिराने तो केवळ शोभेसाठी घातला असो की त्यामागे काही धर्मकल्पना असो, कुत्रा रथात शोभतो हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते, एवढे तर खरे.

ही मैत्री दायमाबादपेक्षाही फार जुनी आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे 1914 साली एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या सांगाड्यांबरोबर पुरलेला कुत्रा सापडला. त्याला 14 हजार वर्षे झाली. तो कुत्रा म्हणजे जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून 2018 साली संशोधकांनी असे दाखवले की, डिस्टेंपरसारख्या जीवघेण्या रोगाने ते आजारी पडले होते आणि माणसांनी शुश्रूषा केल्यावाचून ते तितके दिवस जगलेच नसते. शिकारीच्या कामाचे नव्हते, राखणीच्या कामाचे नव्हते, तरी त्याला कोणी तरी भरवीत होते. त्या भरवणाऱ्या हाताला त्याने किती वेळा दात लावले असतील!

प्रवरेने खाली यावे तर नेवासे लागते. परंपरेप्रमाणे हे म्हाळसादेवीचे माहेर. तेव्हा खंडोबा आमच्या जिल्ह्याचे जावई झाले आणि त्यांचा कुत्राही सोयरा झाला. त्याच तालुक्यात देवगडला दत्ताचे स्थान आहे, आणि दत्ताच्या पायांशी चार कुत्री म्हणजे चार वेद अशी भाविकांची समजूत आहे. देवाच्या पायांशी बसण्याचा मान या जनावराला उगीच मिळालेला नाही.

परंतु मौज अशी की, एवढा वारसा पाठीशी असूनही प्रत्येक पिल्लू जन्माला येते ते कोऱ्या पाटीनेच. माणसाची ओढ त्याच्या रक्तात असते. दात किती दाबावा हे मात्र त्याला शिकावेच लागते. तीन आठवड्यांपासून त्याला दुधाचे 28 दात येऊ लागतात, सुईसारखे टोकदार. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 दात येतात. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात, म्हणून चप्पल काय अन् बाजेचा पाय काय, सारे त्याला सारखेच.

पहिला गुरू म्हणजे भावंडे. खेळता खेळता एकाने जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ मोडून बाजूला होते. जास्त चावले तर खेळायला कोणी उरत नाही, हा पहिला धडा. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर 1965 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाचे तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस सोबत जुळवण्याचे असतात, असे त्यांनी त्यात मांडले. कर्जत-जामखेडकडच्या धनगरांच्या वाड्यावर मी हेच पाहिले आहे. पिल्लू कोकरांतच वाढते. त्याने कोकराच्या पायाला तोंड लावले की मेंढी अशी ढुशी देते की दुसऱ्या खेपेला ते विचार करते.

आमच्या घरी तीन पिल्ले लहानाची मोठी झाली आणि तिघांना हाच पाठ दिला. दात टोचला की ‘आई गं’ म्हणायचे, हात हळूच काढायचा आणि पाठ फिरवून अर्धा मिनिट गप्प बसायचे. मग ओल्या फडक्याची गाठ चघळायला द्यायची. चाटले तर शाबासकी. घरातल्या साऱ्यांची रीत मात्र एकच हवी. आजी लाडाने बोट देणार आणि काका फटका मारणार, तर पिल्लाने समजायचे काय? मारलेल्या पिल्लाला पुढे येणारा प्रत्येक हात वैऱ्याचा वाटतो आणि ते भीतीनेच चावू लागते.

हा केवळ चपलेचा प्रश्न नाही. 1885 साली पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली, तोवर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याला उपायच नव्हता. आपल्याकडे 2004 पर्यंत पोटातल्या इंजेक्शनांचा धाक घरोघरी होता. आता सुई दंडावर आली. तरी ओरखडासुद्धा साबणाने 15 मिनिटे वाहत्या पाण्यात धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे. तीन महिन्यांच्या पिल्लालाही लस टोचून घ्यावी.

आणि घराबाहेर काढलेल्या पिल्लाचे काय होते? प्रवरेच्या उगमाकडे, अकोले तालुक्यात, बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या अन्नात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. चावते म्हणून रात्री उसाच्या कडेला सोडलेले पिल्लू कोणाच्या पानात पडते, ते वेगळे सांगायला नको.

नेपाळात आपल्या नरक चतुर्दशीलाच कुत्र्याला हार घालून, टिळा लावून गोडधोड खाऊ घालतात. आपण हार नाही घातला तरी चालेल. एवढे मात्र करावे: दिवाळीत मातीच्या ढिगाआड पिल्ले दिसली तर मुलांनी ती रोज पाहावीत, त्यांच्या आईला भाकरी द्यावी, पण उचलून आणू नयेत. आठ आठवडे ती भावंडांत राहू द्यावीत. दातांची पहिली शाळा तेथेच असते. मार्गशीर्षात घरी आणावे, आणि चपला उंच फळीवर ठेवाव्यात.