एकच सिलिंडर, दोन मार्ग

सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढून धाराशिवकडे जाणारा मोटारसायकलस्वार इंजिनाची पारख आंकड्यांवरून करीत नाहीं. मागें दुसरें माणूस बसलें असतां चढावर गाडी दम टाकते कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. त्याच्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें इंजिनाच्या माथ्यावर, कॅमशाफ्ट आणि झडपा यांत दडलेलें असतें.

झडप केव्हां उघडावी, किती उघडावी व किती वेळ उघडी राहावी, हें कॅमचा उंचवटा ठरवितो. ती अधिक काळ उघडी राहिली म्हणजे जलद फेऱ्यांत सिलिंडर पुरता भरतो. परंतु मंद फेऱ्यांत आंत आलेली हवा कांहीं अंशीं मागें ढकलली जाते व ओढ मंदावते.

वेग वाढला कीं दुसरी अडचण उभी राहते. विहिरीवरील डिझेल इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्या घेतें, तेव्हां त्याची झडप सेकंदाला साडेबारा वेळां उघडते. 10,000 फेऱ्यांस तीच संख्या 83 वर जाते. तेथें स्प्रिंग कमजोर असेल तर झडप कॅमची साथ सोडून पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो. स्प्रिंग फाजील कडक असेल तर कॅमच झिजतो. म्हणून हे भाग एकमेकांस जुळवूनच निवडावे लागतात.

या निवडीचा बोलका दाखला पुण्याजवळ चाकण येथें घडला. बजाज ऑटोनें 2007 सालीं ऑस्ट्रियाच्या के.टी.एम. कंपनींत 14.5 टक्के भाग घेतला. पुढें 2012 सालीं चाकणच्या कारखान्यांतून ड्यूक 200 आणि पल्सर 200 एन.एस. या दोन गाड्या बाहेर पडल्या. दोहोंच्या सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर, पिस्टनची धांव 49 मिलिमीटर आणि झडपा चार. ड्यूकला मात्र दोन कॅमशाफ्ट दिले. पल्सरला एकच कॅमशाफ्ट, मध्यें रॉकर आणि तीन स्पार्क प्लग. ड्यूकनें 10,000 फेऱ्यांस सुमारें 25 अश्वशक्ति दिली, पल्सरनें 9,500 फेऱ्यांस साडेतेवीस. इंधन पुरविण्याची रीतही निराळी असल्यानें हा फरक केवळ कॅमचा नव्हे. पण माथ्याची रचना दोघांनीं आपापल्या गिऱ्हाइकाकडे पाहून ठरविली, हें उघड आहे.

रस्त्यावरच्या इंजिनाला तिखट कॅम बसवूं पाहणारानें हाच क्रम धरावा. इंजिनाचें आयुष्य कोणत्या फेऱ्यांत जाणार, हें प्रथम ठरवावें. मग कॅम निवडावा. आणि कॅमला पेलेल अशी स्प्रिंग शेवटीं. कागदावरची अश्वशक्ति क्वचितच हातीं लागते. घाट मात्र रोज चढावा लागतो.