अर्धी राहिलेली अदलाबदल

दापोलीहून पश्चिमेचा रस्ता धरला की तो वळणे घेत उतरतो आणि अखेरीस समुद्रापाशी येऊन थांबतो. तिथे आमचे बुरोंडी. उत्तरेला लाडघर, त्यापलीकडे कर्दे, मुरुड आणि हर्णै. दक्षिणेला कोळथरे आणि पुढे दाभोळची खाडी. वडिलांची होडी होती. आई पाटीत मासळी भरून वरच्या वाड्यांतून विकायला जाई. मी मात्र शाळामास्तर झालो आणि व्याकरण शिकवण्यात जन्म घालवला. भाषा शिकवण्याचा हा धंदा इतकी वर्षे करूनही भाषा कशी येते हे मला कळले ते एका मे महिन्यात, आणि तेही आईकडून. ती हकीकत सांगण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. कारण परक्याच्या घरी राहून त्याची भाषा शिकण्याची रीत आमच्या किनाऱ्याला नवी नाही.

१८२३ पासून स्कॉटिश मिशनची माणसे बाणकोट आणि हर्णै येथे येऊन राहू लागली. १८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन हे तरुण पाद्री पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस उतरले. मुंबईत राहिले असते तर इंग्रजीवर निभावले असते. पण मराठी शिकायची म्हणून ते याच भागात येऊन राहिले. उमेद मोठी होती. वर्ष उलटण्यापूर्वीच ते मराठीत प्रवचन करू लागले. पुढे मुंबईच्या शास्त्र्यांशी त्यांचे जाहीर वाद झाले, मोरभट दांडेकरांनी त्यांना मराठीतूनच उत्तर दिले, आणि त्यांनी काढलेल्या शाळेतून आजचे विल्सन कॉलेज उभे राहिले. विल्सनसाहेबांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. तरीही एक गोष्ट मनात येतेच. ते आमची भाषा शिकले ते आम्हांला काही सांगण्यासाठी. हर्णैचा एखादा मुलगा स्कॉटलंडात जाऊन कुणाच्या ओसरीवर बसावा आणि त्यांचे बोलणे शिकावे, असे कुणाच्याही मनात आले नाही. तो काळच तसा होता.

दोन्हीकडच्यांनी जावे आणि दोन्हीकडच्यांनी शिकावे, हा विचार ज्या माणसाने मराठीत जीव ओतून मांडला तोही आमच्याच तालुक्यातला. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगडला झाला. दापोलीच्या मिशन हायस्कुलात ते शिकले, पुढे अमळनेरला शिक्षक झाले आणि वसतिगृहातल्या मुलांचे साने गुरुजी झाले. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने त्यांना पकडले आणि धुळ्याच्या तुरुंगातून थेट त्रिचनापल्लीला नेले. तिथे दक्षिणेतले कितीतरी सत्याग्रही होते. एकाच देशासाठी तुरुंगात आलेली ही माणसे एकमेकांशी बोलू लागली की भाषा आडवी येई. गुरुजी तिथे दक्षिणेच्या भाषांकडे वळले आणि तिरुक्कुरळ त्यांनी मराठीत आणला. सरकारने शिक्षा म्हणून जे घडवले, ते पोरांनी आनंदाने का करू नये? त्या तुरुंगात रुजलेले बी पुढे ‘आंतरभारती’ या नावाने वर आले. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात गुरुजींनी ही कल्पना मांडली. रवींद्रनाथांनी विश्वभारती उभारली. आपल्याला आधी भारतातल्या भारतात तरी ओळख करून घेतली पाहिजे, निरनिराळ्या प्रांतांच्या मुलांनी एकत्र राहून एकमेकांच्या भाषा शिकल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. काम पुढे इतरांनी नेले. पण स्वप्न जेवढे मोठे होते तेवढे घर त्याला मिळाले नाही.

आता माझी गोष्ट. एका शिबिरात धारवाडच्या एका शिक्षकाशी माझी मैत्री झाली होती. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, माझाही तेवढाच. आम्ही दोघांनी ठरवले की १९८५ च्या मे महिन्यात त्यांच्या मुलाने बुरोंडीला यावे आणि १९८६ च्या मे महिन्यात माझ्या मुलाने धारवाडला जावे. ना संस्था, ना फॉर्म, ना फी. दोन मास्तरांची ही आंतरभारती.

मुलगा आला. मी त्याला वहीत शब्द लिहून देई आणि अडला की लगेच हिंदीत समजावी. आठ दिवस झाले तरी तो माझ्याशी हिंदीतच बोलत होता. आई हे सारे चुलीपाशी बसून पाहत होती. नवव्या दिवशी ती म्हणाली, “तू गप ऱ्हा. त्याला माझ्यासंगती धाड.” आईला ना हिंदी येत होती, ना पुस्तकातली मराठी. ती बोले ती आमची किनाऱ्यावरची बाणकोटी वळणाची बोली. मुलगा शाकाहारी, आणि आमचे घर मासळीवर जगणारे. आईने त्याच्यासाठी नवे मडके आणले, वेगळी पळी ठेवली, आणि दर सकाळी त्याला बरोबर घेऊन ती किनाऱ्यावर जाऊ लागली. पोराला मासळीला हात लावायचा नव्हता. पण पाण्याचा तांब्या मागायचा, हिशेब ठेवायचा, होडी कधी लागणार ते विचारायचे, हे सगळे त्याला करावेच लागे. चुकला की बायका हसत, आणि हसता हसता शब्द दुरुस्त करीत. महिनाअखेर तो म्हावऱ्याच्या भावावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालू लागला होता. आणि आई? त्याला जेवायला वाढताना ती विचारू लागली होती, “ऊट आतेन?” म्हणजे जेवण झाले का. तूप ठेवलेली वाटी त्याने पाहिली आणि “तुप्पा!” म्हणून ओरडला, तेव्हा तर तिला फारच गंमत वाटली. एवढ्या लांबचे पोर आणि तूप मात्र आपलेच!

तेव्हा मला उमगले की मी त्याची सोय करीत होतो आणि आईने त्याला कामाला लावले होते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हल्ली नौकांवर नेपाळचे खलाशी येतात. त्यांना कुणी वर्ग घेऊन मराठी शिकवत नाही; तरी एका हंगामात ती त्यांच्या तोंडी बसते.

पुढचे वर्ष उजाडले. आता माझ्या मुलाची पाळी. पण बेळगावकडे कन्नड सक्तीचा वाद तापत चालला होता आणि रोजच्या वर्तमानपत्रात त्याच बातम्या होत्या. नातेवाईक म्हणाले, अशा वेळी पोराला तिकडे धाडतोस? मी मित्राला पत्र लिहिले की मुलाचे दहावीचे वर्ष आहे, क्लास लागले आहेत. ते खोटे नव्हते, पण खरे कारणही नव्हते. जूनमध्ये आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. मी मनाशी म्हटले, बरे झाले नाही पाठवला. मित्राचे उत्तर आले, त्यात रागाचा शब्द नव्हता. फक्त एवढेच होते की मुलाच्या खोलीत दुसरी खाट टाकून ठेवली होती.

ती खाट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नंतर वाचनात आले की फ्रान्स आणि जर्मनी यांनी १८७० पासून पाऊणशे वर्षांत आपसांत तीन युद्धे केली. आणि त्याच दोन देशांनी १९६३ साली करार करून मुलांच्या अदलाबदलीसाठी एक कायमची कचेरी काढली. तेव्हापासून लाखो मुले इकडची तिकडे जाऊन राहिली. ज्यांच्या घरातली माणसे एकमेकांच्या गोळीने मेली होती, त्यांनी मुले पाठवली. आणि मी, एका रात्रीच्या एस.टी.च्या अंतरावर, घाबरलो. ओळख नसते तेव्हाच भीती वाटते, हे मी वर्गात शिकवीत होतो. पण भांडणाचा काळ हाच खाट भरण्याचा काळ असतो, हे मला कळले नाही.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नव्हे. १९८५-८६ मध्ये नवोदय विद्यालयांचा प्रयोग सुरू झाला. पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. या विद्यालयांतली नववीची सुमारे ३० टक्के मुले हिंदी मुलखातून अहिंदी मुलखात आणि तिकडची इकडे वर्षभर राहायला जातात. हा नियम ज्याने कुणी केला त्याला माझा नमस्कार. कारण त्यात दोन्ही बाजूंची गाडी भरून निघते. २०२५ च्या उन्हाळ्यात सरकारने शाळांतून भारतीय भाषांची सात दिवसांची शिबिरेही योजली. सात दिवसांत नमस्कार, अंक, एखादे गाणे येते. तेही चांगलेच. मात्र त्या शिबिरातून उठून एखादे मूल कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसेल, तेव्हाच त्या गाण्याची भाषा होईल.

आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. धारवाडचा तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला, आणि तो अजून बाणकोटी हेल काढून बोलला. माझी नात पुण्याला इंग्रजी शाळेत आहे. सुट्टीत इथे आली की किनाऱ्यावरच्या बायकांशी बोलायला तिला मीच दुभाषी लागतो. या वर्षी मी तो धंदा बंद केला. दर सकाळी तिला एकटीलाच खाली धाडले. पहिले चार दिवस रडली, पाचव्या दिवशी भाव विचारून आली.

पुढच्या मे महिन्यात ती धारवाडला जाणार आहे. मी तिकडे विचारले, तेव्हा तो म्हणाला की खाट आहेच. तिच्या परीक्षेचे काय, असे तिच्या आईने विचारले आहे. या वेळी उत्तर काय द्यायचे ते मी ठरवून ठेवले आहे.