महाडचा फिरवलेला ठराव

‘महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४मध्ये चवदार तळे खुले केले, पण कागदावर. अस्पृश्यांना काठावर फिरकण्याची सोय नव्हतीच.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि सत्याग्रही त्या तळ्याचे पाणी प्यायले. पुढे सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. विटाळ असा थेट सरकारी दप्तरात शिरला.

खरी गंमत कोर्टात झाली. तिथे तळे खासगी, ‘चौधरी तळे’ असल्याचा वादी सनातन्यांचा दावा पुढे आला. जोडीला अस्पृश्यांना मज्जावाची पूर्वापार वहिवाट. याच तळ्यावर मुसलमानांना मात्र मज्जाव नव्हता, गुरांनाही नव्हता! दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : वहिवाट अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही.