नोंदवहीतलं नाव : घानाच्या परदेशी खेळणाऱ्या फुटबॉलपटूंच्या अभ्यासाची प्रस्तावना

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात एडलिंग्टन नावाचं एकेकाळचं कोळसाखाणीचं गाव आहे. 1930 सालच्या डिसेंबरात तिथल्या दफनभूमीत एका खाणकामगाराला मूठमाती दिली गेली. कबरीवर नावाचा दगड लागला नाही आणि पुढची सदुसष्ट वर्षं ती तशीच बेनाव राहिली. 1997 मध्ये शेफील्डच्या ‘फुटबॉल युनाइट्स, रेसिझम डिव्हाइड्स’ या वंशभेदविरोधी संस्थेने पुढाकार घेतला, दगड बसला आणि त्यावर नाव आलं : आर्थर व्हार्टन.

व्हार्टनचा जन्म 1865 चा, अक्रा शहराच्या जेम्सटाउन वस्तीतला. त्या किनाऱ्याला तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणत, आज आपण घाना म्हणतो. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, आईचं नातं फान्टी राजघराण्याशी. मुलानेही धर्मोपदेशक व्हावं म्हणून 1882 मध्ये त्याला शिकायला इंग्लंडला धाडलं. तिथे 1886 मध्ये त्याने शंभर यार्डांची राष्ट्रीय स्पर्धा दहा सेकंदांत जिंकली, डार्लिंग्टन आणि प्रेस्टन नॉर्थ एंड या संघांचा तो गोलरक्षक झाला आणि 1889 पासून रॉदरहॅम टाउनकडून पैसे घेऊन खेळू लागला. व्यावसायिक फुटबॉलमधल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी तो एक. खेळ थांबल्यावर मात्र त्याच्या हाती कुदळ आली. फिल वॅसिली या संशोधकाने जुनी कागदपत्रं चाळून त्याचं आयुष्य जुळवलं आणि 1998 मध्ये त्याचं चरित्र प्रसिद्ध केलं.

घानाच्या फुटबॉलपटूंच्या परदेशी कारकिर्दीचा अभ्यास कुठून सुरू करावा असं नवे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना या कबरीपाशी नेतो. पुढे शतकभर पुन्हा पुन्हा दिसणारं सगळं तिथे आहे : एका कारणासाठी केलेला प्रवास वेगळ्याच वळणाला लागणं, परक्या मुलखात पायांनी मिळवलेली कीर्ती, उतारवयातली ओढाताण आणि माणसाचं नाव टिकवण्यात कागदाचा असलेला वाटा. फुटबॉलपटूची कारकीर्द आपल्याला मैदानावर दिसते. ती उभी असते मात्र नोंदींवर, म्हणजे जन्मदाखला, नोंदणीपत्र, करार, व्हिसा आणि कुणीतरी जपून ठेवलेली वही यांवर. या नोंदी वाचायला शिकणं हेच या विषयातलं पहिलं काम.

तीन टप्पे ध्यानात ठेवले तर वाट सापडते. पहिला टप्पा स्वातंत्र्याचा. 6 मार्च 1957 ला घाना स्वतंत्र झाला आणि देशाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी फुटबॉलला राष्ट्रउभारणीच्या कामाला जुंपलं. राष्ट्रीय संघाचं ‘ब्लॅक स्टार्स’ हे नाव कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते मार्कस गार्वी यांच्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीवरून आलं. क्रीडाप्रशासक ओहेने जान यांनी संघ बांधला. त्यांच्याच पुढाकाराने आफ्रिकी देशांनी 1966 च्या विश्वचषकावर बहिष्कार टाकला, कारण सोळा जागांपैकी एकही जागा आफ्रिकेला हक्काची नव्हती. 1970 च्या विश्वचषकात ती हक्काची जागा मिळाली.

या काळात परदेशी जाणारे थोडे, आणि त्यातले काही परत येऊन मोठं काम करणारे. सी. के. ग्याम्फी 1960 मध्ये जर्मनीच्या फोर्टुना ड्युसेलडॉर्फ संघात गेले. परतल्यावर प्रशिक्षक झाले आणि 1963, 1965 आणि 1982 असा तीनदा त्यांनी घानाला आफ्रिकेचा चषक जिंकून दिला. स्थलांतर म्हटलं की आपण गेलेल्यांची मोजणी करतो. ग्याम्फींचं उदाहरण सांगतं की आलेल्यांचीही करावी. परदेशातून माणूस पैसा आणतो, तसं कसबही आणतो, आणि कसब गावात जास्त काळ टिकतं.

1982 च्या त्या विजयी संघात सतरा वर्षांचा एक मुलगा होता, अबेदी अय्यू. जग त्याला अबेदी पेले म्हणून ओळखतं. दुसरा टप्पा त्याच्या पिढीचा. त्याचा मार्ग नकाशावर आखून पाहावा : कतार, स्वित्झर्लंड, शेजारचा बेनिन, मग फ्रान्समधले निओर, म्युलूझ, मार्से, लील, ल्यों, पुढे इटलीत तोरिनो, जर्मनीत म्युनिक आणि अखेर अमिरातीतलं अल ऐन. सरळ शिडी कुठेच नाही. एक पाऊल पुढे, एक बाजूला, कधी माघारी. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला कारकीर्द चढण वाटते आणि खेळाडूला ती ओढे ओलांडत जाण्यासारखी असते.

26 मे 1993 ची रात्र जवळून पाहू. म्युनिकचं ऑलिम्पिक मैदान, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, मार्से विरुद्ध मिलान. मध्यंतर जवळ आलं आहे. उजव्या कोपऱ्यात अबेदी चेंडू ठेवतो आणि कॉर्नर घेतो. बाझिल बोलीचं डोकं चेंडूला लागतं आणि सामन्यातला एकमेव गोल होतो. मार्सेच्या बचावफळीत उभा आहे मार्सेल देसाई, ज्याचा जन्म अक्राचा आणि जो लहानपणीच फ्रान्सला गेला. एकाच संघात घानात जन्मलेले दोघे : एकाने आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू हा मान 1991 ते 1993 असा मिळवला पण विश्वचषकात कधीच खेळला नाही, दुसऱ्याने 1998 मध्ये फ्रान्सकडून विश्वचषक उचलला. ‘घानाचा खेळाडू’ कुणाला म्हणायचं? जन्मावरून, पासपोर्टवरून, की ज्याच्यासाठी वस्ती रडते त्यावरून? अबेदीचे मुलगे आंद्रे आणि जॉर्डन फ्रान्समध्ये जन्मले आणि घानाकडून खेळले. प्रश्न पुढच्या पिढीत उलटा होऊन परत आला.

याच पिढीतला कुमासीचा टोनी येबोआ 1988 मध्ये जर्मनीला गेला आणि आइनट्राख्ट फ्रँकफर्टकडून खेळताना 1993 आणि 1994 अशी दोन वर्षं बुंडेसलिगाच्या सर्वाधिक गोलांचा संयुक्त मानकरी ठरला. गोलांच्या तक्त्यात जे मावत नाही तेही नोंदवायला हवं. प्रेक्षकांतून होणाऱ्या वर्णद्वेषी हेटाळणीविरुद्ध 1990 मध्ये त्याने अँथनी बाफो आणि सुलेमान साने या सहकाऱ्यांसह जाहीर पत्र लिहिलं. आज फ्रँकफर्टच्या नीडरराड भागात एका इमारतीची अख्खी भिंत येबोआच्या चित्राने व्यापली आहे. ज्या देशात त्याला शिव्या ऐकाव्या लागल्या, तिथल्या भिंतीने त्याची बाजू जपली.

तिसरा टप्पा 15 डिसेंबर 1995 पासून धरतात. युरोपीय न्यायालयाने बोस्मन निकाल दिला आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंना परदेशी धरून घातलेली मर्यादा गेली. क्लबांतल्या परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा आता दूरच्या देशांसाठी मोकळ्या झाल्या. त्यातच घानाच्या मुलांनी सतरा वर्षांखालचा विश्वचषक 1991 आणि 1995 मध्ये जिंकला होता, त्यामुळे दलालांचं आणि क्लबांचं लक्ष अक्रा आणि कुमासीकडे वळलं. अकादम्या उभ्या राहिल्या. डच क्लब फायेनूर्दने 1999 मध्ये गोमोआ फेट्टे इथे एक काढली. त्याच वर्षी टॉम व्हर्नन यांनी ‘राइट टू ड्रीम’ सुरू केली, आणि 2015 मध्ये या अकादमीने उलट डेन्मार्कचा नॉर्डशेलंड क्लबच विकत घेतला. अक्राच्या नीमा वस्तीतला मोहम्मद कुदुस याच वाटेने 2018 मध्ये डेन्मार्कला गेला, तिथून आयाक्स आणि मग इंग्लंड. अकादम्यांच्या बरोबरीने स्थानिक क्लबांचंही योगदान आहे. अक्राच्या डान्सोमन भागातल्या लिबर्टी प्रोफेशनल्स या एका क्लबातून मायकेल एसियन, सुली मुन्तारी आणि असामोआ ग्यान हे तिघे निघाले.

यांच्याही खालची पायरी म्हणजे ‘कोल्ट्स’, अर्थात गल्लीबोळांतले वयोगटांचे संघ. एखादा हौशी माणूस पदरमोड करून बूट, चेंडू आणि प्रवासभाडं पुरवतो आणि मुलांची नावं वहीत लिहितो. त्या वहीची किंमत समजून घ्यायची तर थोडं गणित करावं लागेल. फिफाच्या 2001 च्या नियमांनुसार, करार संपण्याआधी खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला की त्या रकमेच्या पाच टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. समजा खेळाडू एक कोटी युरोला गेला. बारापासून पंधरापर्यंत चार वर्षं त्याला सांभाळणाऱ्या क्लबाच्या वाट्याला दरवर्षाचे पंचवीस हजार, म्हणजे एक लाख युरो येतात. तेवढ्यात मैदान सपाट होतं, कुंपण होतं, पुढची कित्येक मुलं खेळतात. अट एवढीच, की क्लब अधिकृत असावा आणि मुलाची त्या वर्षांतली नोंदणी सापडावी. नोंद नसेल तर चार वर्षांची मेहनत कुणालाच दाखवता येत नाही.

अभ्यासकांची मतंही याच काळात बदलत गेली. अल्स्टर विद्यापीठाचे पॉल डार्बी यांनी सुरुवातीच्या लेखनात हा व्यवहार वसाहतवादाच्या वळणावर जाणारा मानला : कोको आणि सोन्यासारखाच कच्चा माल म्हणून खेळाडू बाहेर जातात. जेम्स एसन यांनी अक्रातल्या तरुणांचं म्हणणं ऐकलं. शिक्षण आणि नोकरी यांवरचा भरवसा उडालेली मुलं स्वतःच्या शरीरालाच भांडवल मानून घराची जबाबदारी उचलू पाहतात, असं त्यांनी दाखवलं. ख्रिस्टियान उंग्रूहे आणि सीने आगरगार्ड यांनी उत्तर युरोपात पोचलेल्यांच्या अनिश्चित आयुष्याचा माग काढला. डार्बी, एसन आणि उंग्रूहे या तिघांचं आफ्रिकी फुटबॉल स्थलांतरावरचं एकत्रित पुस्तक 2022 मध्ये आलं. नव्या वाचकाने यांपैकी एकाची बाजू घ्यायची घाई करू नये. व्यवस्था मुलांना ओढते हे खरं आहे आणि मुलं डोळसपणे निघतात हेही खरं आहे.

घानात परदेशी जाऊन आलेल्याला ‘बोर्गा’ म्हणतात. हा शब्द हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आला. कोकणातल्या चाकरमान्याकडून गाव जी अपेक्षा धरून असतो, तीच इथेही : घर बांधावं, भाच्यांच्या शाळेची फी भरावी, रिकाम्या हाताने येऊ नये. म्हणून न जमलेल्यांची परतीची वाट फार अवघड होते. नी लॅम्प्टे 1991 च्या कुमार विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरला, लहान वयात बेल्जियमच्या अँडरलेख्टकडून चमकला, आणि पुढे नेदरलंड्स, इंग्लंड, इटली, अर्जेंटिना, तुर्कस्तान, पोर्तुगाल, जर्मनी, चीन असा फिरत राहिला. शिक्षण हुकलेल्या या माणसाने शेवटी अक्रात शाळा काढली. त्याला ‘वाया गेलेली गुणवत्ता’ म्हणणाऱ्यांनी त्या शाळेतल्या मुलांची हजेरीही मोजावी.

ख्रिश्चन अत्सूचा जन्म आदा फोआचा, फायेनूर्दच्या त्या घानातल्या अकादमीत वाढलेला. किरकोळ गुन्ह्यांत अडकलेल्या गरीब कैद्यांचा दंड भरून तो त्यांना सोडवत असे. 5 फेब्रुवारी 2023 च्या संध्याकाळी त्याने तुर्कस्तानच्या हताईस्पोरसाठी भरपाई वेळेत फ्री किकवर विजयी गोल केला. पहाटे भूकंप झाला. तो राहत होता ती इमारत कोसळली आणि 18 फेब्रुवारीला त्याचा मृतदेह सापडला. परदेशी कारकीर्द म्हणजे परक्या छताखाली घालवलेली वर्षं, हे मी त्या दिवशी पुन्हा शिकलो.

स्त्रियांच्या वाटेवर अजून फार थोडं लिहिलं गेलं आहे. घानाच्या ‘ब्लॅक क्वीन्स’ 1999, 2003 आणि 2007 च्या विश्वचषकांत खेळल्या. एलिझाबेथ अड्डोने सर्बिया, स्वीडन, अमेरिका आणि चीन इथे खेळून कारकीर्द घडवली. पैसा कमी, करार छोटे आणि नोंदी विरळ. ज्याला नवा विषय हवा आहे त्याने इथे यावं, काम वाट पाहत आहे.

आणि मराठी वाचकाला दूर जायलाही नको. 2010 च्या विश्वचषकात उरुग्वेविरुद्ध असामोआ ग्यानची पेनल्टी शेवटच्या क्षणी आडव्या खांबावर आदळली, ते जगाने पाहिलं. तोच ग्यान 2019 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळायला गुवाहाटीला आला. त्याच्या कितीतरी आधी घानाचा युसिफ याकुबू गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून आणि मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून गोल करत होता. युरोपच्या संग्रहालयांत त्या गोलांची दखल सापडणार नाही. ती आहे मुंबई-गोव्याच्या वर्तमानपत्रांच्या जुन्या क्रीडापानांत, क्लबांच्या कपाटांत आणि मडगावच्या किंवा कुपरेजच्या कट्ट्यावर बसून सामने पाहिलेल्यांच्या आठवणीत. महिंद्राचा संघ 2010 मध्ये बंद झाला, कागद पिवळे पडत आहेत आणि पाहणारेही वयाने थकत चालले आहेत.

व्हार्टनच्या कबरीवर नाव यायला सदुसष्ट वर्षं लागली. आपल्याकडे येऊन खेळलेल्यांसाठी तेवढं थांबायचं कारण नाही. एक वही घ्या, त्या कट्ट्यावर जाऊन बसा आणि पहिल्या पानावर नाव, गाव, साल लिहा. या अभ्यासात तुमचं मनापासून स्वागत आहे.